चौऱ्यांशीची यादी

यात्रेस जाणाऱ्यांच्या हौसे, नवसे आणि गवसे अशा तीन जाती आपल्याकडे पूर्वापार सांगितल्या जातात. पैकी नवशांचा इतिहास माहात्म्यग्रंथांनी लिहून ठेवला. गवशांचा इतिहास, निदान त्यातील हात मारणाऱ्यांचा, फौजदारी दप्तरांतून थोडाबहुत हाती लागतो. हौशांचा मात्र कोणी लिहिला नाही. हौस ही काही इतिहासात नोंदण्याजोगी गोष्ट आहे असे आपल्या लेखकांस कधी वाटलेच नसावे. वस्तुतः यात्रेत सर्वाधिक भरणा असतो तो हौशांचाच, आणि आपल्या कित्येक जुन्या जागा आज ओळखता येतात त्या याच मंडळींच्या पायांनी वाटा मोडू दिल्या नाहीत म्हणून, असे माझे मत होत चालले आहे. ते बनण्यास उज्जैन कारण झाले.

२०२३ साली श्रावण अधिक आला. त्या महिन्यात आम्ही चौघे जण उज्जैनीत देवास गेटापाशी बसमधून उतरलो. चौघेही विधि महाविद्यालयातील सोबती, चौघांचीही चाळिशी उलटलेली. एक मूळचा उज्जैनचाच, तेथे जमीनमहसुलाचे दावे चालविणारा, एक गोव्याचा, आणि एक मुंबईत कंपन्यांची कागदपत्रे करणारा. परीक्षेच्या आदल्या रात्री, अभ्यास सोडून, एका कोऱ्या वकीलपत्राच्या पाठीवर आम्ही ‘मरण्यापूर्वी करावयाच्या गोष्टी’ लिहिल्या होत्या. त्यातील बहुतेक गोष्टी आता येथे छापण्यालायक नाहीत. पाचव्या कलमात मात्र ‘उज्जैनचे चौऱ्यांशी महादेव, पायी’ असे अक्षर होते. उज्जैनकराने ते पान इतकी वर्षे जपून ठेवले होते.

देवास गेट या नावात वेस आहे, पण उतारूला तेथे प्रथम भेटतो तो बसगाड्यांचा आणि पोह्या-जिलबीच्या गाड्यांचा गलबला. ज्या देवासकडे ही वाट जाते, ते एकाच गावात पवारांच्या दोन गाद्यांचे, थोरल्या व धाकट्या पातीचे, नांदते संस्थान १९४८ पर्यंत होते. भावांच्या वाटणीचे इतके चोख उदाहरण वकिलाच्या डोळ्यांतून सुटत नाही. पण तो विषय वेगळा. आम्ही गेटापाशीच खेळाचे नियम ठरविले. वाहनात बसावयाचे नाही. रस्ता यंत्राला नव्हे, माणसाला विचारावयाचा. आणि चुकीच्या गल्लीत नेईल त्याने सर्वांच्या न्याहारीचे पैसे द्यावयाचे.

अशा यादीला अलीकडे ‘बकेट लिस्ट’ म्हणतात. इंग्रजीत बादली लाथाडणे म्हणजे मरणे. त्यावरून हे नाव निघाले आणि २००७ सालच्या एका अमेरिकन चित्रपटाने ते जगभर नेले. २०१८ साली त्याच नावाचा मराठी चित्रपटही आला. त्यातील गृहिणीला एका तरुण मुलीचे हृदय मिळालेले असते, आणि त्या मुलीच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छांची यादी ही बाई पुरी करीत जाते. ही कल्पना आपल्या मातीला अधिक जवळची आहे. पाश्चात्य यादी ज्याची त्याने करावयाची असते. आपल्याकडील यादी बहुधा आधीच कोणी करून ठेवलेली असते. अष्टविनायक झाले, गोव्यातील लईराई, केळबाई आदी सात बहिणी झाल्या. साडेतीन शक्तिपीठांत तर अर्धे पीठ मोजण्याची गंमतही झाली. आपण केवळ मागल्याच्या यादीचे वारस.

उज्जैनची यादी स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात आहे. चौऱ्यांशी लिंगांचे माहात्म्य तेथे क्रमवार सांगितले आहे. पहिले अगस्त्येश्वर, दुसरे गुहेश्वर, तिसरे ढुंढेश्वर, अशी ती माळ क्षिप्रेच्या घाटांवरून, बाजारांतून व गल्लीबोळांतून फिरते. एखादे लिंग भव्य देवालयात, तर एखादे दुकानांच्या फटीत किंवा कोणाच्या राहत्या घराला लागून. माळेचे शेवटचे चार मणी मात्र शहराबाहेर ठेवलेले आहेत: पूर्वेस पिंगळेश्वर, दक्षिणेस कायावरोहणेश्वर, पश्चिमेस बिल्वकेश्वर आणि उत्तरेस दर्दुरेश्वर. हे महाकालाचे चार द्वारपाल. ज्याने ही यादी रचली त्याने भाविकास ऐंशी ठिकाणी शहर ओळखावयास लावले, आणि मगच शिवारात सोडले. यादी करणारा पक्का भूमापक असला पाहिजे.

या भूमापनाला मध्यंतरी मोठा खंड पडलाच होता. १२३४-३५ च्या सुमारास अल्तमशाने महाकालाचे देवालय उद्ध्वस्त केले. आजचे देवालय उभे राहिले ते मराठ्यांचा माळव्यात अंमल बसल्यावर, अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात, आणि ते उभारणारा पुरुष आमच्या वाचकांपैकी अनेकांस घरचा वाटेल. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर हे पश्चिम किनाऱ्याकडचे सारस्वत. त्या काळच्या लिखाणांत ते रामचंद्रबाबा शेणवी म्हणून भेटतात. समुद्रकाठच्या माणसाने क्षिप्राकाठी येऊन दुसऱ्याच्या यादीतील मुख्य देव पुन्हा जागेवर बसवावा, याचे आमच्या गोमंतकीय मित्रास इतके भरते आले, की त्या दिवशीची जिलबी त्याने आपण होऊन दिली. शिंद्यांची राजधानी १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरीस नेली. तरी पुढे दौलतरावांच्या पत्नी बायजाबाईंनी उज्जैनच्या भर बाजारात गोपाळमंदिर बांधून या गावाशी असलेला घराण्याचा धागा तुटू दिला नाही.

याच बायजाबाईंच्या यज्ञाची वार्ता ऐकून १८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे आपल्या काकांबरोबर घराबाहेर पडले. ते शुद्ध गवसे. घरी कर्ज होते, यज्ञात दक्षिणा मिळेल ही आशा. वाटेत त्यांस गाठले ते बंडाने. झाशीचा रणसंग्राम डोळ्यांनी पाहिला, मिळविलेले द्रव्य लुटले गेले, आणि अखेर ते घरी परतले ते खांद्यावर गंगेची कावड घेऊन, आईबापांस स्नान घालण्यासाठी. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहाने लिहिले गेले व १९०७ साली छापले. गवसा म्हणून निघालेला माणूस नवशासारखा परत आला. हौसेचे लेणे मात्र त्यांच्यापाशी पहिल्यापासून होते. नाहीतर इतक्या हालांतून गेलेल्या माणसाला इतके बारकावे ध्यानात राहते ना.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे वळतो. ‘हिंडण्याने काय साधते?’ असे पुष्कळ शहाणे विचारतात. इंग्लंडातील पॅरिशांत एक जुनी चाल होती. वर्षातून एकदा पाद्री व गावकरी मुलांना घेऊन गावाच्या सीमेवरून फिरत, सीमेच्या दगडांवर छड्या मारीत, आणि कधी एखाद्या पोराचे डोकेही दगडावर आपटीत. हेतू हा की दगड कोठे होता हे त्याला म्हातारपणी साक्षीत सांगता यावे. नकाशे दुर्मिळ होते त्या काळी ही पोरे म्हणजेच जिवंत नकाशे. फेरीच्या शेवटी खाणेपिणे, थट्टा, आरडाओरड. ऑक्सफर्डच्या उत्तर वेशीजवळील सेंट मायकेल चर्चचे लोक अद्याप ही फेरी काढतात आणि सीमेच्या खुणा गाठण्यासाठी खुशाल दुकानांतून घुसतात. उत्तर वेस केव्हाच पाडली गेली; नाव राहिले आणि फेरी राहिली. आपल्याकडेही गावाच्या शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष मोलाची मानीत, कारण शीव त्याच्या पायाखालची. त्याला गावाने मान मात्र तेवढ्या साक्षीपुरताच दिला, हे येथे न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील तेराव्या कलमाने सांगितले, की हक्काचा वा रूढीचा वाद असेल तेव्हा तो हक्क पूर्वी कोणी बजावल्याचे, मानल्याचे किंवा नाकारल्याचे प्रसंग पुराव्यात घेता येतात. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली, परंतु हे तत्त्व टिकून आहे. म्हणजे एखाद्या तळ्याकाठी दर तीन वर्षांनी हजारो माणसे येऊन वाण देतात, ही गोष्ट केवळ भक्तीची नव्हे. ती तळ्याच्या बाजूची साक्ष आहे.

तळ्यांचे नाव काढले ते उगाच नव्हे. अधिकमासात उज्जैनचे लोक महादेवांबरोबर सप्तसागरही करतात: रुद्र, पुष्कर, क्षीर, गोवर्धन, रत्नाकर, विष्णू आणि पुरुषोत्तम. नावे सागरांची, प्रत्यक्षात तळी. प्रत्येकाचे वाण निराळे. रुद्रसागरास मीठ, पुष्करास पिवळे वस्त्र व चण्याची डाळ, आणि पुरुषोत्तमसागरास चाळणी व मालपुवा. चाळणीच का, याचा खल आम्ही मैलभर केला. निर्णय लागला नाही. या सातांपैकी काही आज तळी म्हणून सुखात आहेत असे म्हणवत नाही. घरे काठापर्यंत आणि काही ठिकाणी काठाच्या आत आली आहेत. अतिक्रमणांचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत पोहोचला. रुद्रसागराच्या काठी २०२२ साली ‘महाकाल लोक’ हा विस्तीर्ण परिसर खुला झाला आणि त्या एका तळ्यावर सर्वांची नजर गेली. बाकीच्यांकडे पाहावयास यादीवाल्यांवाचून कोण जाते?

एका तळ्याच्या काठी आमचा उज्जैनकर मित्र बराच वेळ थांबला. एरवी तो थट्टेत सर्वांच्या पुढे. तेथे तो म्हणाला, “अरे, कागदावर पाणी आहे, आणि येथे माझ्याच पक्षकारांपैकी एकाचे स्वयंपाकघर आहे. ते त्यांना मोकळे करून घ्यावे लागले, तर ती माणसे जातील कोठे?” सर्वोच्च न्यायालयाने हिंचलाल तिवारी विरुद्ध कमलादेवी या २००१ च्या निकालात तळ्याची जागा घरांसाठी वाटता येणार नाही, असे निःसंदिग्ध सांगितले आहे. निकाल मला योग्य वाटतो. पण स्वयंपाकघरातून बाहेर आलेल्या त्या बाईने आम्हांस यात्रेकरू समजून पाणी दिले, आणि “बाबूजी, यह तो सागर है, हाथ जोड़ के जाइए” म्हणून उलट आम्हांलाच तळ्याची आठवण करून दिली. अतिक्रमण करणारी आणि साक्ष देणारी व्यक्ती एकच असली, तर तिचा जबाब कसा नोंदवावा हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही.

आठ दिवसांत आम्ही ऐंशी देव केले. “आनी कितलीं उरलीं?” हा गोव्याच्या मित्राचा प्रश्न रोज संध्याकाळी ठरलेला. उरले ते चार द्वारपाल. त्यांच्यासाठी पंचक्रोशीची यात्रा असते: वैशाख वद्य दशमीपासून अमावास्येपर्यंत, सुमारे ११८ किलोमीटर. येथे मराठी माणसाने सावध असावे. उत्तरेकडील महिना पौर्णिमेला संपतो; त्यांचा वैशाख वद्य पक्ष म्हणजे आपल्या पंचांगातील चैत्र वद्य. आमच्या मुंबईकराने दाते पंचांग पाहून रजा काढली होती ती अर्थात पुढच्या महिन्याची, आणि न्याहारीचे पैसे त्याने दिले.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही पुन्हा देवास गेटावर उतरलो. दरम्यान उज्जैनकराच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली होती आणि उन्हात चालण्यास डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. तरी तो पटणी बाजारातील नागचंद्रेश्वराच्या देवळापर्यंत आला. पंचक्रोशीचा आरंभ तेथून होतो. यात्रेकरू नारळ ठेवून देवाकडून चालण्याचे बळ उसने मागतो, आणि परतल्यावर मातीचा घोडा वाहून ते परत करतो. ही केवळ कविकल्पना नव्हे; सारा व्यवहार कर्जाचा आहे, मुदत ठरलेली, फेडीची वस्तू ठरलेली. उज्जैनकरानेही नारळ ठेवला. “तुला कशाला?” असे आम्ही विचारले, तर म्हणाला, “माझे तुम्ही वाटून घ्या.”

चालण्याविषयी थोडक्यात सांगतो. वाटेवरच्या गावांनी पाणी दिले, खेड्यांतल्या बायका डोक्यावर शिधा घेऊन आमच्या पुढे गाणी म्हणत निघून जात, आणि तिसऱ्या दिवशी मुंबईकराचे जोडे सोलले. अमावास्येला आम्ही तिघे नागचंद्रेश्वरापाशी आलो, तेव्हा तो पायरीवर बसलेला होता. त्याने चार घोडे विकत घेऊन ठेवले होते. आम्ही हरकत घेतली: ज्याने बळ वापरले नाही, त्याचे देणे कसले? त्याने सांगितले की कर्ज घेणाऱ्याने पैसा खर्चिला की पेटीत ठेवला, हे सावकार पाहत नाही. गोव्याच्या मित्राचे म्हणणे पडले की त्याने ते आम्हांस हस्तांतरित केल्यामुळे देणे आम्हां तिघांचे, आणि तेही संयुक्त. पुजाऱ्याने काही वेळ ऐकून घेतले व मागे रांग लागल्याचे दाखविले. घोडे चार वाहिले. चौथा कोणाच्या नावे, याचा वाद पोह्याच्या गाडीपर्यंत चालला आणि आमच्या पत्रव्यवहारात अद्याप चालू आहे.