मदरबोर्ड बदलला, विंडोजच्या परवान्याचे काय?

विंडोज १० चा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा आणि तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असल्याने जुना संगणक टाकून न देता त्याचा मदरबोर्डच बदलण्याचा मार्ग अनेकजण धरतात. कॅबिनेट आणि हार्ड डिस्क तीच, आतील बोर्ड, प्रोसेसर व रॅम तेवढी नवी. संगणक सुरू होतो, फायली जागच्या जागी असतात, मात्र पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात विंडोज सक्रिय करण्याची सूचना उमटते. पैसे मोजून घेतलेला परवाना गेला कुठे? याचे उत्तर तो परवाना कोणत्या प्रकारचा होता यावर अवलंबून असते, आणि ही चौकशी बोर्ड काढण्यापूर्वी करावयाची असते.

घरगुती ग्राहकांना हा प्रश्न प्रथम भेडसावला तो २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमुळे. प्रॉडक्ट की, म्हणजे २५ अक्षरांचा परवाना क्रमांक, पूर्वीही होताच. एक्सपीने त्याची सांगड संगणकातील सुमारे दहा सुट्या भागांशी घातली. त्यात नेटवर्क कार्डाला अधिक वजन होते. ठरावीक मर्यादेपलीकडे भाग बदलले की संगणक नवा समजला जाई आणि दूरध्वनीवरून ५० आकडी संख्या सांगून ४२ आकडी उत्तर उतरवून घ्यावे लागे. मुदतीत हे न केल्यास एक्सपी आत प्रवेशच देत नसे. त्या मानाने विंडोज १० आणि ११ सौम्य आहेत. सूचना झळकत राहते, पार्श्वचित्र व रंग बदलण्याच्या सोयी बंद होतात, पण काम अडत नाही.

रॅम वाढविली किंवा हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली, तर सहसा काहीही बिघडत नाही. निर्णायक भाग एकच, मदरबोर्ड. ब्रँडेड संगणक व लॅपटॉपसोबत येणारा ओईएम परवाना त्या यंत्रापुरताच असतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, त्याचा क्रमांक बोर्डावरील फर्मवेअरमध्येच नोंदविलेला असतो. बोर्ड गेला की क्रमांकही गेला. मूळ बोर्ड नादुरुस्त झाल्याने तो बदलावा लागला, तर मायक्रोसॉफ्ट सवलत देते, हौसेने वेगवान बोर्ड घेतल्यास नाही. लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेल्या संगणकात दुकानदाराने ओईएम प्रत घातली असेल, तर तिलाही हाच नियम. खोका घेऊन विकत घेतलेला रिटेल परवाना मात्र दुसऱ्या संगणकावर नेता येतो, अट इतकीच की एका वेळी तो एकाच यंत्रावर असावा.

आपला परवाना कोणता हे पाहणे सोपे आहे. विंडोज व आर ही बटणे एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत ‘एसएलएमजीआर’, जागा सोडून तिरपी रेघ आणि ‘डीएलआय’ ही इंग्रजी अक्षरे टाईप केली की ओईएम, रिटेल वा व्हॉल्यूम असा उल्लेख समोर येतो. परवाना रिटेल असल्यास बोर्ड बदलण्यापूर्वी संगणक मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवावा. २०१६ च्या सुधारित आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये ही सोय आहे. नव्या बोर्डावर त्याच खात्याने प्रवेश करून ॲक्टिव्हेशनच्या पानावरील ट्रबलशूटरमध्ये ‘नुकतेच हार्डवेअर बदलले’ हा पर्याय निवडावा. होम आवृत्तीच्या परवान्यावर प्रो आवृत्ती सुरू होत नाही, ही चूक बरीच आढळते.

परवान्यापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे आणि त्याकडे दुकानातही क्वचितच लक्ष वेधले जाते. अनेक नव्या संगणकांत डिस्क कूटबद्ध केलेली असते व तिची गुरुकिल्ली जुन्या बोर्डाच्या टीपीएममध्ये असते. बोर्ड बदलताच बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर छायाचित्रे, हिशेब, प्रबंध सारे डिस्कवर असूनही हाती लागत नाही. बहुधा ती मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. आधीच पाहून कागदावर उतरवावी किंवा कूटबद्धता काढून टाकून मगच स्क्रू सैल करावेत.

नाममात्र किमतीत इंटरनेटवर मिळणाऱ्या क्रमांकांचा मोह पडतो. त्यांतील बरेचसे संस्थांना दिलेले व्हॉल्यूम परवाने असतात. ते आज चालतात आणि गैरवापर ध्यानात आला की रद्द होतात. एक्सपीचा असाच एक फुटलेला क्रमांक जगभर फिरला होता, २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने तो बाद केला. विंडोज ७ व ८ च्या जुन्या क्रमांकांवर विंडोज १० किंवा ११ सक्रिय करण्याची वाटही मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली, त्यामुळे कपाटातील जुना खोका आता या कामी येत नाही.