आधी कान, मग चाल

हिर्डोशीच्या भजनात मी एकदा ओळखीच्या अभंगाला नवी चाल लावली. म्हातारी मंडळी गप्प. एकही टाळ वाजेना. घरी येताना हेडफोनवर नेमका ‘रॉक मशीन’ लागला होता.

१९८४ साली मुंबईत सुरू झालेला हा बँड. पुढे उदय बेनेगल गायला, महेश तिनईकर गिटारवर. सुरुवातीला तेही इतरांसारखी परदेशी बँडचीच गाणी वाजवायचे. धोबी तलावच्या रंगभवनात, उघड्या आभाळाखाली, पोरं तीच ऐकायला गर्दी करायची. मग हळूहळू त्यांनी स्वतःची गाणी घुसवली. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आला.

१९९३ मध्ये तर त्यांनी नावच बदललं: ‘इंडस क्रीड’. गाजलेलं नाव कोण टाकतं? पण तोवर पाच वर्षं लोक त्यांचीच गाणी ऐकत होते. कान तयार झाले होते. ‘प्रेटी चाइल्ड’ला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षक-पसंतीचा पुरस्कारही मिळाला.

१९९७ मध्ये बँड फुटला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे रंगभवनातल्या मैफलीही थांबल्या. तरी २०१० मध्ये ते पुन्हा एकत्र आले, २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व’ काढला, आणि जुने चाहते नव्या गाण्यांनाही आले.

पुढच्या एकादशीला मी पहिला चरण जुन्याच चालीत म्हटला. दुसऱ्याला नवी चाल धरली. मागून एक टाळ वाजला.