नेत्रभिंगाची कहाणी : शलाकेपासून कृत्रिम भिंगापर्यंत

पंचेंद्रियांमध्ये नेत्रांचे महत्त्व निराळे सांगावयास नको. वाचन, लेखन, व्यापार, प्रवास, फार काय घरातल्या घरात निर्धोकपणे वावरणे, हे सारे दृष्टीवर अवलंबून असते. वार्धक्यात दृष्टी मंदावली की मनुष्य हळूहळू परावलंबी होतो. एकेकाळी हे प्राक्तन मानून स्वीकारले जाई. आज ‘डोळ्यात भिंग बसविले’ हे वाक्य घराघरांतून सहजपणे ऐकू येते. इतकेच नव्हे, तर मोतीबिंदू नसतानाही केवळ चष्मा सुटावा म्हणून डोळ्यातील भिंग बदलून घेण्याचा पर्याय रुग्णांपुढे ठेवला जातो. हा पर्याय पारखावयाचा तर त्यामागील इतिहास ठाऊक असणे आवश्यक आहे. कारण या इतिहासात मानवी बुद्धीचे यश जितके आहे, तितकीच घाईने केलेल्या प्रयोगांची किंमतही आहे.

भिंगाचे कार्य

बाहेरून येणारे प्रकाशकिरण दृष्टिपटलावर एकत्र आणण्याचे काम डोळ्याचे दोन भाग करतात. डोळ्याची एकूण शक्ती सुमारे 60 डायॉप्टर असून त्यातील दोन-तृतीयांश वाटा पुढील पारदर्शक पटलाचा, म्हणजे कॉर्नियाचा असतो. उरलेला वाटा बाहुलीमागे एका पातळ आवरणात असलेल्या नैसर्गिक भिंगाचा होय. तरुणपणी हे भिंग लवचिक असते. त्याचा फुगीरपणा कमी-अधिक होत असल्याने दूरचे व जवळचे दोन्ही स्पष्ट दिसते. चाळिशीनंतर ही लवचिकता ओसरते आणि वाचनासाठी चष्मा लागतो. पुढे तेच भिंग गढूळ झाले की त्यास मोतीबिंदू म्हणतात.

प्राचीन भारतातील शलाकाकर्म

मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियेचे अतिशय प्राचीन व तपशीलवार वर्णन ‘सुश्रुतसंहिते’च्या उत्तरतंत्रात आढळते. कफजन्य ‘लिंगनाश’ या विकारावर यवासारख्या टोकाची शलाका वापरण्याचे विधान तेथे आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने उताणे पडून राहावे, शिंकणे, खोकणे, ढेकर देणे, थुंकणे टाळावे, अशी पथ्येही सांगितली आहेत. या पद्धतीत गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढले जात नसे, तर बाहुलीच्या मार्गातून बाजूला सारले जाई. प्रकाशाची वाट मोकळी होऊन रुग्णास माणसे व वस्तू ओळखू येत. मात्र भिंगाची शक्ती नाहीशी झाल्याने स्पष्ट दृष्टी लाभत नसे आणि सरकलेले भिंग डोळ्यातच राहिल्याने दाह होऊन डोळा गमावण्याचे भय असे.

अशाच प्रकारची क्रिया युरोपातही शतकानुशतके चालू होती. विख्यात जर्मन संगीतकार योहान सेबास्तियन बाख यांच्या डोळ्यांवर 1750 साली जॉन टेलर या फिरत्या नेत्रवैद्याने ती केली. बाख यांची दृष्टी परतली नाही आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

भिंग काढले, जागा रिकामी राहिली

फ्रेंच शल्यविशारद जाक दाविएल यांनी 1747 साली गढूळ भिंग नुसते न सारता डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत अवलंबिली. आधुनिक मोतीबिंदू शस्त्रक्रियेचा हा पाया होय. परंतु भिंगाची रिकामी झालेली जागा भरून काढण्याचे साधन पुढील दोनशे वर्षे कोणापाशी नव्हते. रुग्णास सुमारे अधिक दहा ते बारा नंबरचा जाड चष्मा लावावा लागे. त्यातून वस्तू पाव पटीहून मोठ्या भासत, कडेचे दिसत नसे, पायरीचा अंदाज चुकत असे. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर दोन डोळ्यांच्या दोन निरनिराळ्या आकारांच्या प्रतिमा जुळत नसत. दृष्टी आली तरी तिचा सहज उपयोग होत नसे, अशी ही विचित्र अवस्था होती.

याच काळात चांगले, स्वच्छ भिंग काढून दृष्टिदोष घालविण्याचा विचारही पुढे आला. ज्यांना फार मोठा उणे नंबर असतो त्यांच्या डोळ्याची शक्ती डोळ्याच्या लांबीच्या मानाने जास्त ठरते. मग भिंगच काढून टाकले तर नंबर कमी होईल, असा हा तर्क होता. ऑस्ट्रियातील व्हिन्सेन्झ फुकाला यांनी 1890च्या सुमारास ही शस्त्रक्रिया प्रचारात आणली. तर्क चुकीचा नव्हता. परंतु जंतुसंसर्ग आणि दृष्टिपटल सुटणे या उपद्रवांमुळे अनेकांची दृष्टी गेली आणि ही पद्धत मागे पडली. आज दिल्या जाणाऱ्या पर्यायाचा हा पूर्वज विसरून चालणार नाही.

वैमानिकाच्या डोळ्यातील तुकडे

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडले यांनी जखमी वैमानिकांवर उपचार केले. 15 ऑगस्ट 1940 रोजी गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या हरिकेन विमानावर मारा होऊन छताच्या पारदर्शक पर्स्पेक्सचे तुकडे त्याच्या डोळ्यांत घुसले होते. अशा रुग्णांमध्ये रिडले यांना एक गोष्ट जाणवली. या प्लास्टिकचे तुकडे डोळ्यात स्थिर राहिले तर डोळा ते सहन करतो. पुढे एका विद्यार्थ्याने मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहताना, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का बसवीत नाहीत, असे विचारले, तेव्हा त्यांच्या मनातील कल्पनेस चालना मिळाली.

29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिडले यांनी पहिले कृत्रिम भिंग एका पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रीच्या डोळ्यात बसविले. नैसर्गिक भिंगाच्या आकारावरून बेतलेल्या त्या भिंगाची शक्ती अपेक्षेपेक्षा बरीच अधिक ठरली आणि रुग्णास मोठा उणे नंबर आला. कल्पना सिद्ध झाली होती, मोजमाप मात्र अद्याप साधले नव्हते.

1951 साली ऑक्सफर्ड येथील परिषदेत रिडले यांनी आपले कार्य मांडले, तेव्हा अनेक ज्येष्ठांनी त्यास तीव्र विरोध केला. डोळ्यातील परकी वस्तू काढणे हे वैद्याचे काम, ती आत घालणे नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. हा विरोध केवळ हेव्यातून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. आरंभीची भिंगे जड होती, काही जागेवरून सरकत, काही डोळ्यांत दाह होई. या त्रुटी दूर होण्यास तीन दशके लागली. 1986 साली रिडले रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले आणि 2000 साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. वार्धक्यात त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत तशीच भिंगे बसविण्यात आली, हा मान त्यांना सर्वांत मोठा वाटला असेल.

दरम्यान अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांनी 1967 साली दंतवैद्याच्या उपकरणावरून सुचलेली, ध्वनितरंगांनी भिंगाचा चुरा करून तो शोषून घेण्याची पद्धत काढली. हीच आजची ‘फेको’ शस्त्रक्रिया होय. छेद लहान झाला, टाके गेले. पुढे घडी होणारी भिंगे आली. डोळ्याची लांबी मोजून भिंगाची शक्ती ठरविण्याचे शास्त्रही विकसित झाले. या मोजणीत एका मिलिमीटरची चूक झाली तर नंबरात सुमारे अडीच ते तीनचा फरक पडतो, यावरून तिचे महत्त्व ध्यानी यावे.

भारतातील वाटचाल

भारतात शाळा, धर्मशाळा यांतून भरणाऱ्या नेत्रशिबिरांनी असंख्य वृद्धांना दृष्टी दिली. कर्नाटकातील डॉ. एम. सी. मोदी यांचे नाव या कार्यात अग्रभागी आहे. 1976 साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी मदुराई येथे अकरा खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय स्थापन केले. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या या शल्यविशारदाने सेवेचा आदर्श घालून दिला. तथापि परदेशी भिंगे महाग असल्याने गरीब रुग्णाच्या वाट्याला दीर्घकाळ जाड चष्माच येई. 1992 साली अरविंद संस्थेच्या ‘ऑरोलॅब’ने देशातच भिंगे बनविण्यास आरंभ केला आणि त्यांची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. 1994 साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रण प्रकल्प सुरू झाला. त्यात महाराष्ट्राचा समावेश होता. कृत्रिम भिंगाचा प्रसार वाढला आणि हळूहळू शिबिरात तपासणी व रुग्णालयात शस्त्रक्रिया ही सुरक्षित रीत रूढ झाली. निर्जंतुकतेच्या दृष्टीने हा बदल अत्यावश्यक होता.

आजचा पर्याय आणि विवेक

भिंग गढूळ झाले असेल आणि नित्य व्यवहारात अडचण येत असेल, तर शस्त्रक्रिया हे वरदान आहे. तेथे भीतीपोटी विलंब करण्यात हित नाही. मोतीबिंदू नसताना केवळ चष्म्यासाठी भिंग बदलण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. चाळिशी उलटलेल्या आणि अधिक नंबर मोठा असलेल्या काही व्यक्तींना त्याचा लाभ होतो. परंतु तरुण व्यक्तीचे लवचिक भिंग एकदा काढले की दूर-जवळ पाहण्याची नैसर्गिक क्षमता जाते, ती परत मिळत नाही. मोठा उणे नंबर असणाऱ्यांना दृष्टिपटल सुटण्याचा धोका आजही अधिक असतो. एकाच अंतराचे भिंग बसविल्यास वाचनासाठी बहुधा चष्मा लागतोच. अनेक अंतरांच्या भिंगामुळे तो सुटू शकतो, पण काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. म्हणून डोळ्याच्या पडद्याची तपासणी, अचूक मोजमाप आणि आपल्या कामाचे स्वरूप यांचा विचार तज्ज्ञ डॉक्टरांसह शांतपणे करावा. महाग भिंग ते उत्तम भिंग, असे समीकरण नाही.

फुकालांचा तर्क बरोबर असूनही रुग्णांचे डोळे गेले, आणि रिडले यांची कल्पना सिद्ध होऊनही तिला तीस वर्षे सुधारणांची वाट पाहावी लागली. सुश्रुतांनी शस्त्राइतकेच पथ्यास महत्त्व दिले होते. साधने बदलली, परंतु सावधपणाची गरज तीच आहे. गढुळलेल्या डोळ्यास वेळेवर उपचार द्यावा आणि स्वच्छ डोळ्यास हात लावण्यापूर्वी दहादा विचार करावा, हीच या दीर्घ वाटचालीची शिकवण होय.