गुरूचे गुपित आणि शिष्याचे कर्ज

अद्भुतकथेतील तरुण नायकाला घडवणारा गुरू सहसा सगळे सांगत नाही. पुढचे त्याला ठाऊक असते, शिष्याला नसते. आणि कथेची ओढ या तफावतीतून निर्माण होते. डंबलडोर हॅरी पॉटरला वर्षानुवर्षे जपतो, शिकवतो; पण हॅरीला मृत्यूला सामोरे जावे लागणार हे मात्र त्याच्यापासून राखून ठेवतो. २००७ मध्ये आलेल्या सातव्या भागात हे उघड होते, तेव्हा वाचकालाही प्रश्न पडतो : ही माया होती की योजना?

हा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्याला नवा नाही. चिपळूणजवळचे परशुराम हे क्षेत्र ज्या देवतेचे, ती भीष्म, द्रोण आणि कर्ण यांची गुरू. मात्र कर्णाच्या कथेत गुपित शिष्याकडे आहे. तो आपली जात लपवून विद्या मिळवतो आणि सत्य उघडकीस येताच शाप घेऊन परततो. गुपित कोणाचेही असो, किंमत शिष्यच मोजतो.

याच क्षेत्री अठराव्या शतकाच्या आरंभी ब्रह्मेंद्रस्वामी राहत होते. श्रावणात समाधी लावून बसण्याचा त्यांचा परिपाठ होता. त्यामुळे त्यांच्याभोवती गूढतेचे वलय होते. बाळाजी विश्वनाथ त्यांचा भक्त झाला आणि ते नाते पुढे बाजीरावाकडे वारशाने आले. १७२० साली विशीतला बाजीराव पेशवा झाला. कादंबरीकाराला याहून काय हवे? अरण्यातला तपस्वी, तरुण वीर आणि पाठीशी आशीर्वाद.

परंतु इतिहासाने येथे एक गोष्ट केली, जी कथा सहसा करीत नाही. त्याने गुरूचे दप्तर उघडले. द. ब. पारसनीस यांनी स्वामींचे चरित्र व पत्रव्यवहार १९०० साली प्रसिद्ध केला. त्यात भविष्यवाणीपेक्षा देण्याघेण्याच्या, भेटवस्तूंच्या आणि राजकारणाच्याच गोष्टी अधिक आहेत. स्वामी पेशव्यांना व सरदारांना मोठ्या रकमा कर्जाऊ देत. १७२७ साली सिद्दी सात याने परशुरामाचे देवालय उद्ध्वस्त केले. त्यानंतर स्वामी साताऱ्याजवळ धावडशीला गेले आणि सिद्दीच्या पारिपत्यासाठी शाहू व पेशवे यांच्यामागे सतत लकडा लावून बसले. १७३३ साली जंजिऱ्यावर मोहीम झाली; १७३६ साली चिमाजीअप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला.

बाजीरावाची स्वामींना लिहिलेली पत्रे तर करुण आहेत. उत्तरेत ज्याचा दरारा, तो पेशवा कर्जापायी आपल्याला नरकवास घडत असून सावकारांच्या पाया पडता पडता कपाळ झिजल्याचे गुरूला कळवतो. स्वामींच्या थोरवीवर वि. का. राजवाड्यांनी कठोर टीका केली, ती या कागदांमुळेच.

मग बाजीरावाला घडवले कोणी? तो १७१८-१९ च्या दिल्ली मोहिमेत वडिलांबरोबर होता. छावणी, घोडदौड, दरबारातले डावपेच हे त्याने तेथे पाहिले. हे शिक्षण उघड्यावरचे होते. त्यात गुपित नव्हते, म्हणून आख्यायिकेने त्याला जागा दिली नाही. स्वामींनी पैसा दिला, धीर दिला, दबावही आणला. ही मदत खरी आहे, पण तिला ‘घडवणे’ म्हणता येत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांपुढे अशा कथा ठेवताना ‘गुरूने काय शिकवले’ एवढेच विचारून थांबू नये, असे आम्हांला वाटते. त्याने काय राखून ठेवले आणि ते राखण्यात त्याचे स्वतःचे काय गुंतले होते, हेही विचारावे. अद्भुतकथेत गुरूजवळचे गुपित म्हणजे शिष्याचे भविष्य. इतिहासात ते बहुधा गुरूचेच काही येणे असते : कधी रक्कम, कधी सूड. डंबलडोरचे दप्तर त्याच्या मृत्यूनंतर थोडेसे उघडते आणि तेथेच ती मालिका प्रौढ होते. ब्रह्मेंद्रस्वामींचे दप्तर उघडल्याने बाजीराव मात्र लहान होत नाही. विधिलिखिताचा आधार काढून घेतला की त्याचा पराक्रम त्याचा स्वतःचा ठरतो, आणि कर्जही.