ठिगळांचं जाकीट आणि खुलताबादची खिरका

समोर टेबलावर जे जाकीट ठेवलंय, ते आम्हीच शिवलेलं आहे. कार्यक्रम संपल्यावर हातात घेऊन बघा. निळा तुकडा निळीत बुडवलेला, तांबूस तुकडा मंजिष्ठेचा, पिवळसर तुकडा डाळिंबाच्या सालीचा. खांद्यावर हिमरूची कात्रण आहे आणि पाठीवर लमाणी भरतकामाचा आरसे-कवड्यांचा चौकोन.

शिवताना आम्ही चुका भरपूर केल्या. हाताने रंगवलेलं सुती कापड आधी धुवून आटवलं नाही, म्हणून पहिल्याच धुण्यात एक बाही आखडली. हिमरू कापला की कडेचे धागे सुटत जातात, त्यामुळे अस्तर लावावंच लागलं. आणि सगळ्या तुकड्यांचा ताणा एका दिशेला ठेवला नाही, तर कपडा अंगावर तिरका ओढला जातो, हे दोनदा उसवल्यावर कळलं. पण आजचा विषय शिवणकाम नाही. तुकडे जोडून केलेला कपडा माणसाबद्दल काय सांगतो, हा विषय आहे. आणि त्यासाठी खुलताबादसारखी दुसरी जागा नाही.

सुरुवात खुलताबादहून चार-पाच किलोमीटरवरच्या वेरूळपासून करू. तिथली 1 ते 12 क्रमांकाची लेणी बौद्ध आहेत, साधारण सहाव्या ते आठव्या शतकातली. तिथे राहणारे भिक्षू चीवर वापरत, आणि चीवर म्हणजे तुकड्यांचाच कपडा. विनयपिटकात त्याची गोष्ट आहे. मगधातली बांध घातलेली शेतं बघून बुद्धांनी आनंदाला विचारलं, की भिक्षूंचं वस्त्र असं करता येईल का? आनंदाने तसा नमुना बेतून दाखवला. म्हणजे शेताचे तुकडे आणि मधले बांध, हीच चीवराची आखणी.

सुरुवातीला चिंध्या वेचून चीवर होई. पुढे गृहस्थांकडून नवं कापड घ्यायला परवानगी मिळाली, पण तेही आधी कापायचं आणि मगच जोडायचं. का? तर कापलेल्या कापडाला बाजारात भाव राहत नाही आणि ते चोरावंसं कुणाला वाटत नाही. रंगही घरचाच असे. मूळ, लाकूड, साल, पान, फूल, फळ असे सहा प्रकार सांगितले आहेत. रंग नीट उकळला की नाही, हे पाण्यात किंवा नखावर थेंब टाकून बघायचं. वाळत घातलेलं वस्त्र उलटसुलट करत राहायचं, नाहीतर रंग एकाच बाजूला उतरतो. बघा, हे अगदी आमच्या अंगणातलंच वर्णन आहे!

आता वेरूळचा घाट चढून वर खुलताबादला येऊ. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'रौजा' हेच नाव आहे. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली आणि दिल्लीहून जी माणसं दख्खनेत आली, त्यांत निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब होते. 1337 साली ते इथेच वारले. त्यांच्या मागे झैनुद्दीन शिराझी गादीवर आले. हिमरूची कलाही त्याच स्थलांतरात इकडे आली, असं परंपरा सांगते.

या सूफींमध्ये गुरू शिष्याला खिरका देई. खिरका या अरबी शब्दाचा अर्थच मुळी चिंधी, फाटका तुकडा. ठिगळांच्या अंगरख्याला 'मुरक्का' असंही म्हणत. तो अंगावर घालणं म्हणजे आपण कुणाचे आहोत हे सांगणं. आज ज्याला आपण प्रमाणपत्र म्हणतो, ते तेव्हा कापडाचं होतं.

झैनुद्दीनांच्या दर्ग्यात 'पैराहन' जपून ठेवलेला आहे. तो पैगंबरांचा पोशाख आणि गुरूकडून शिष्याकडे येत येत झैनुद्दीनांपर्यंत पोहोचला, ही भाविकांची श्रद्धा. वर्षातून एकदा, ईद-ए-मिलादला, त्याचं दर्शन घडतं. दिल्लीत मात्र उलट झालं. नासिरुद्दीन चिराग-ए-दिल्ली 1356 मध्ये वारले, तेव्हा निजामुद्दीनांकडून आलेला खिरका त्यांनी स्वतःबरोबर कबरीत ठेवायला सांगितला. तो पेलेल असा माणूस त्यांना दिसला नाही. एका ठिकाणी कपडा जपला, दुसऱ्या ठिकाणी पुरला. दोन्हीमागे विचार एकच होता: हा कपडा कुणाकडून आला आणि कुणाकडे जावा, याला महत्त्व आहे.

पण जिथे मान आला, तिथे नक्कलही येतेच. लाहोरला दफन असलेले अली हुजविरी अकराव्या शतकातच ठिगळांच्या कपड्यावर एक अख्खं प्रकरण लिहून गेले. नुसत्या ठिगळांवर साधुत्व मिरवणाऱ्यांवर त्यांनी टीका केली आहे. त्यात शिवणीवरचा एक वादही दिलाय. काही म्हणत, सुई जिथून डोकं काढेल तिथून काढू द्यावी, फार विचार करू नये. दुसरे म्हणत, टाका सरळच हवा, कारण काम सरळ तर माणूस सरळ. आमच्या शिवणाऱ्या गटातही हेच दोन पक्ष आहेत, आणि आजवर निकाल लागलेला नाही.

झैनुद्दीनांच्याच दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची साधी कबर आहे. 1707 साली तो अहमदनगरजवळ वारला आणि त्याला इथे आणून दफन केलं. त्याच्या नावावर सांगितलं जाणारं एक मृत्युपत्र आहे. टोप्या शिवून मिळालेले चार रुपये दोन आणे कफनासाठी वापरा, असं त्यात म्हटलंय. ते मृत्युपत्र अस्सल किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण दख्खनेत पंचवीसेक वर्षं युद्ध चालवणाऱ्या बादशहाची आठवणसुद्धा शेवटी सुई-दोऱ्याच्या कमाईशी जोडली गेली, हे लक्षात घेण्यासारखं आहे. हाताने शिवलेल्याचं वजन इथे एवढं होतं.

आता आपल्या घरात येऊ. गोधडी, वाकळ. आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, पोराचा फाटका सदरा, थरावर थर आणि वरून धावदोरा. तिच्यात कुठला तुकडा कुणाचा, हे घरातली बाई अंधारातही सांगते. आणि गाडगेबाबा आठवा. 1905 मध्ये घर सोडलं ते चिंध्यांचा अंगरखा घालून. जन्म परटाच्या घरातला, म्हणजे लोकांचे कपडे स्वच्छ करणाऱ्या घरातला. त्यांना 'गोधडेबुवा' म्हणत. त्या चिंध्यांनी ते कुणाची गादी सांगत नव्हते. हातात खराटा घेऊन गाव झाडणं, एवढीच त्यांची ओळख.

चीवर, खिरका, गोधडी या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. तुकडा कुठून आला, हे घालणाऱ्याला माहीत असतं.

म्हणूनच आमच्या जाकिटाबद्दल एक कबुली द्यायची आहे. पाठीवरचा तो भरतकामाचा चौकोन एका जुन्या कांचळीचा आहे. जुन्या कपड्यांच्या ढिगातून आम्ही ती वजनावर घेतली आणि कापली. कात्री लागल्यावर आतल्या बाजूला दुरुस्तीचे टाके दिसले. तीन वेगवेगळ्या रंगांचा दोरा होता. म्हणजे कुणीतरी ती वर्षानुवर्षं जपली होती, फाटली तशी सांधली होती. ती कुठल्या तांड्यावरची, कुणाच्या अंगावरची, हे आम्हाला सांगता येत नाही. विचारायला हवं होतं ते घेताना. विचारलं नाही.

तेव्हापासून आम्ही एक नियम केलाय. प्रत्येक तुकड्यामागे अस्तरावर देणाऱ्याचं नाव आणि गाव दोऱ्याने घालायचं. नाव नसेल तर तुकडा कापायचा नाही, तसाच ठेवायचा. या जाकिटाचं अस्तर उलटून बघाल, तर सहा नावं दिसतील. पाठीवरच्या चौकोनामागची जागा आम्ही रिकामी ठेवली आहे.

या, जवळ येऊन बघा. आणि प्रश्न असतील तर जरूर विचारा.