स्वयंचलित पाळणा

मुलाचे रडणे ओळखून आपोआप झुलणारा व ते शांत होताच मंद होणारा पाळणा. झोके देऊन तान्ह्या मुलाला निजविण्याची रीत प्राचीन आहे. व्हीस्यूव्हिअसच्या इ. स. ७९ मधील उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलॅनियम या रोमन नगरात कोळसा झालेला एक लाकडी पाळणा अर्भकाच्या अस्थींसह सापडला. यूरोपात जमिनीवर डुलणारा पाळणा रूढ झाला. महाराष्ट्रात तुळईला टांगलेला पाळणा आणि लुगड्याची झोळी. टांगलेल्या पाळण्याची दोरी लांबवर आणून आई निवडण-टिपण करता करता झोका देई. पुढचा यांत्रिक खटाटोप झाला तो दोरीवरचा हा हात मोकळा करण्यासाठी.

झोक्याची जाणीव अंतर्कर्णातील संतुलनेंद्रियांना होते. सहा महिन्यांपर्यंतच्या मुलाला आई उचलून चालू लागली की त्याचे रडणे ओसरते व हृदयाचे ठोके मंदावतात; नुसते मांडीवर घेऊन बसल्याने तितका परिणाम होत नाही, असे जपानमधील रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखविले.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चावीने चालणाऱ्या पाळण्यांची एकस्वे घेण्यात आली. या पाळण्यांना गती होती, पण कान नव्हता. मूल रडो वा निजो, चावी संपेपर्यंत झोका तोच. शतकाच्या अखेरीस तेथील वैद्यकाने झोक्यालाच विरोध केला. ल्यूथर एमेट होल्ट या बालरोगतज्ज्ञाने १८९४ मधील आपल्या पुस्तकात झोके देणे ही निरुपयोगी व सुटण्यास कठीण अशी सवय ठरविली. डुलता पाळणा मागे पडून कठड्याचा स्थिर पलंग घरोघर आला. झोका परतला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, चावीच्या व मग विजेरीच्या खुर्चीवजा झोपाळ्यांच्या रूपाने.

झोपेतील आकस्मिक अर्भकमृत्यू टाळण्यासाठी मुलाला पालथे निजवू नये, असा सल्ला अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ मध्ये दिला. असे मृत्यू पुढे निम्म्याहून कमी झाले. मात्र उताणे मूल सहज दचकून जागे होते. पालकांच्या या अडचणीवर उपाय म्हणून कलते पाळणे विकले गेले. फिशर-प्राइस या कंपनीने २००९ मध्ये आणलेल्या अशा पाळण्याची आपोआप झुलणारी आवृत्तीही निघाली. कलत्या स्थितीत मुलाची हनुवटी छातीवर टेकून श्वासमार्ग दबू शकतो, शिवाय मूल कुशीवर किंवा पालथे वळू शकते. तिसाहून अधिक मृत्यूंची नोंद झाल्यावर एप्रिल २०१९ मध्ये सु. ४७ लाख पाळणे परत मागविण्यात आले. इतका विलंब अक्षम्यच म्हटला पाहिजे. मे २०२२ मध्ये अमेरिकेने अर्भकांच्या कलत्या शय्यांवर कायद्याने बंदी घातली.

हार्व्ही कार्प हे बालरोगतज्ज्ञ व ईव्ह बेहार हे अभिकल्पकार यांचा ‘स्नू’ हा पाळणा २०१६ मध्ये बाजारात आला. त्याची शय्या सपाट असते. मुलाला कापडी पिशवीत गुंडाळून ती दोन्ही बाजूंना अडकवितात, त्यामुळे ते कुशीवर वळत नाही. ध्वनिग्राहकाने रडणे टिपले की झोका व सोबतचा घरघर आवाज टप्प्याटप्प्याने वाढतो. तरीही रडणे न थांबल्यास यंत्र बंद होते, कारण मूल भुकेले किंवा आजारी असू शकते. आरंभीची किंमत ११६० डॉलर होती. मार्च २०२३ मध्ये अमेरिकन अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली, ती मुलाला उताणे ठेवण्याचे साधन म्हणून. त्याने आकस्मिक मृत्यू टळतात, असा निर्वाळा त्या मान्यतेत नाही. जाहिरात वाचणाऱ्याच्या ध्यानात हा भेद क्वचितच येतो.

भारतात झोळीला स्प्रिंग व विद्युत् चलित्र जोडून झुलविण्याची साधने मिळतात. झोळीत मुलाची पाठ सपाट राहत नाही व मान पुढे झुकते. दोरी ओढणारी आई निदान जवळ व जागी असे. चलित्र लावल्यावर खोलीत कोणी जागे असतेच असे नाही.