फास्टॅगच्या चिपमध्ये दडलेय काय? स्मृतीचे चार कप्पे आणि लेखनबंदीचे कुलूप

बीड, प्रतिनिधी

धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर गेवराई तालुक्यातील पाडळशिंगी येथे टोलनाका आहे. बीडहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेली मोटार या नाक्यावर आली की काचेवरील फास्टॅग वाचला जातो आणि मालकाच्या खात्यातून टोल वळता होतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग अनिवार्य झाल्यापासून ही पट्टी सर्वांच्या परिचयाची झाली. तिच्याविषयीच्या शंका मात्र कायम आहेत. काच पुसण्याच्या निमित्ताने मनगटी घड्याळ फिरवून एक मुलगा फास्टॅगमधील पैसे चोरतो, अशी चित्रफीत जून २०२२ मध्ये देशभर फिरली होती. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ती खोटी असल्याचे स्पष्ट केले. असे का घडू शकत नाही, याचे अर्धे उत्तर चिपच्या स्मृतिरचनेत आहे आणि उरलेले अर्धे चिपच्या बाहेर.

पट्टीत बॅटरी नाही

टोलवसुलीसाठी कोणते तंत्र वापरावे, हे ठरविण्यासाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. समितीने बॅटरीविना चालणाऱ्या रेडिओ चिपची शिफारस केली. ही चिप आयएसओ १८०००-६सी या आंतरराष्ट्रीय मानकानुसार काम करते. नाक्यावरील यंत्र ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरी सोडते. पट्टीतील अँटेना त्यातूनच ऊर्जा घेते आणि चिप आपला क्रमांक परत पाठविते.

स्मृतीचे चार कप्पे

या मानकानुसार चिपची स्मृती चार कप्प्यांत विभागलेली असते. पहिला कप्पा राखीव असतो. त्यात प्रत्येकी ३२ बिटचे दोन परवलीचे संकेत राहतात. एक चिप कायमची निकामी करण्यासाठी, तर दुसरा मजकूर बदलण्याची परवानगी मिळविण्यासाठी.

दुसऱ्या कप्प्यात पट्टीचा ओळख क्रमांक असतो. नाक्यावरील यंत्र प्रथम हाच क्रमांक वाचते. वाचनात चूक झाली तर ती लक्षात यावी म्हणून १६ बिटचा पडताळा-अंकही याच कप्प्यात असतो.

तिसऱ्या कप्प्यात चिपचा स्वतःचा क्रमांक असतो. तो कारखान्यातच लिहून कायमचा बंद केला जातो. बँक असो वा टोलचालक, पुढे कोणालाही तो बदलता येत नाही.

चौथा कप्पा वापरकर्त्यासाठी असतो. वाहनाचा नोंदणी क्रमांक आणि वर्ग यांसारखा तपशील नोंदविण्याची सोय येथे आहे. खात्यातील शिल्लक मात्र चारपैकी एकाही कप्प्यात नसते. ती बँकेच्या संगणकावर असते.

कुलपाचे चार प्रकार

या कप्प्यांना चार स्थितींत ठेवता येते. कप्पा कोणालाही लिहिता येईल असा मोकळा ठेवता येतो किंवा तो पुढे कधीही बंद होणार नाही, असे ठरवून टाकता येते. तिसऱ्या स्थितीत परवलीचा संकेत देणाऱ्यालाच लिहिता येते. चौथ्या स्थितीत कप्पा कायमचा बंद होतो आणि मग संकेत देऊनही एक अक्षर बदलत नाही. ३२ बिटच्या संकेताचे ४२९ कोटींहून अधिक पर्याय संभवतात. त्यामुळे तो अंदाजाने शोधणे जिकिरीचे असते. तरीही तिसऱ्या आणि चौथ्या स्थितीतील फरक महत्त्वाचा आहे. संकेत फुटला की तिसरे कुलूप उघडते, चौथ्याला किल्लीच नसते.

लिहिण्यास बंदी, वाचण्यास नाही

येथेच अनेकांचा गोंधळ होतो. लेखनबंदी म्हणजे गुप्तता नव्हे. राखीव कप्प्यातील संकेत वाचण्यापासून लपविता येतात, परंतु ओळख क्रमांक तसा लपविला जात नाही. योग्य यंत्र असल्यास तो कोणालाही वाचता येतो आणि कोऱ्या चिपवर उतरविताही येतो. मात्र त्या कोऱ्या चिपचा कारखान्यातील क्रमांक वेगळा असतो. दोन्ही क्रमांक एकत्र ताडून पाहिले की नक्कल उघडी पडते.

मोबाइलच्या सिमकार्डाची गोष्ट वेगळी आहे. त्यातील गुप्त किल्ली कार्डाबाहेर येतच नाही. नेटवर्क एक कोडे घालते आणि कार्ड त्या किल्लीच्या आधारे उत्तर देते. रेडिओ चिपच्या मानकाच्या २०१३ मधील दुसऱ्या आवृत्तीत अशी सोय आली, पण ती ऐच्छिक आहे.

मग क्रमांक वाचणाऱ्याला पैसे का काढता येत नाहीत? कारण या व्यवस्थेत रक्कम एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे जातच नाही. ती केवळ नोंदणीकृत टोलनाका किंवा वाहनतळ यांसारख्या व्यापाऱ्याकडे जाते. वसुलीची मागणीही मान्यताप्राप्त यंत्रणेकडूनच स्वीकारली जाते.

मालकाने काय करावे?

चिपमधील कुलूप कितीही पक्के असले तरी पट्टी नेमक्या कोणत्या वाहनावर आहे, हे चिपला कळत नाही. म्हणूनच पट्टी काचेवर चिकटवणे आवश्यक असते. ती सोलून काढल्यास निकामी व्हावी अशीच तिची बांधणी असते. मोटारीची पट्टी मालमोटारीत हाती धरून दाखविण्यासारख्या प्रकारांना आळा घालण्यासाठी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये अशा सुट्या पट्ट्या काळ्या यादीत टाकण्याचे धोरण जाहीर केले.

काच बदलल्यास बँकेकडून नवी पट्टी घ्यावी. वाहन विकताना जुने खाते बंद करावे, अन्यथा नव्या मालकाचा टोल जुन्याच्या खात्यातून जात राहतो. वाहन घरी उभे असताना टोल कापला गेल्याचा संदेश आल्यास प्रथम नाक्याचे नाव, तारीख व वेळ पाहावी आणि पट्टी देणाऱ्या बँकेकडे किंवा महामार्ग प्राधिकरणाच्या १०३३ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.